शाळेतली समुपदेशनाची खोली: पाचपैकी साडेतीन स्टार, दीड का कापला तेही सांगते

मी रिव्ह्यू लिहिते ते मिक्सरचे, कुरियरवाल्यांचे नाहीतर मिसळीच्या हॉटेलांचे. शाळेच्या काउन्सिलरचा रिव्ह्यू सहसा कोणी लिहीत नाही, कारण लिहिला की लोकांना लगेच कळतं की ह्यांच्या घरात काहीतरी झालेलं दिसतंय. तर हो, झालं होतं. मुलाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला लिही, पण माझं नाव नको, शाळेचं नको आणि खूप सेंटी करू नकोस. पहिल्या दोन अटी पाळते, तिसरीचं बघू.

आम्ही नाशिकचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, सीबीएसईची, पोरं साधारण एकवीसशे, आणि एवढ्या सगळ्यांना मिळून समुपदेशक एकच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे स्टार कापताना लागेल. मुलगा तेव्हा नववीत होता, आता दहावीत आहे.

सुरुवात माझ्या बावळटपणापासून करते. सप्टेंबरमध्ये युनिट टेस्टच्या आधी त्याच्या दप्तरात एक जाडसर, फिकट पिवळी, हायलायटरसारखी वस्तू दिसली, नाकाजवळ नेली तर आंब्याचा वास. मला वाटलं आजकाल काय काय निघतंय, सुगंधी हायलायटर! आणि मी तो व्यवस्थित परत त्याच्या कंपासपेटीशेजारी ठेवून दिला, आहे की नाही कमाल. आठ दिवसांनी शाळेतून फोन आला की पीटीच्या सरांना मुलांच्या टॉयलेटमध्ये तुमच्या मुलाकडे व्हेप सापडलंय, उद्या दोघं या. रात्रभर मी व्हेप म्हणजे काय ते वाचत बसले. फोटो बघितला आणि लक्षात आलं की अरे, हा तर हायलायटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ई-सिगारेट. धूर नसतो, वाफ असते, वास फळांचा नाहीतर पुदिन्याचा, त्यामुळे घरात ओढली तरी डिओ मारल्यासारखं वाटतं. आत बहुतेक वेळा निकोटीनच असतं आणि एका छोट्या नगात सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढं असू शकतं. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने हे बनवणं, आणणं, विकणं, त्याची जाहिरात करणं सगळं बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. आणि तरी नववीतल्या पोराला ती टपरीवर बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळते, पैसे कुठले तर वाढदिवसाला मावशीने दिलेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आम्ही दोघं धरूनच चाललो होतो की दाखला हातात देणार. ह्यांनी तर गाडीतच ठरवलं होतं, कोणत्या ओळखीच्या ट्रस्टीला फोन करायचा. पण सुपरवायझर मॅडमनी एक कागद पुढे केला. पहिल्यांदा सापडला तर निलंबन नाही, दाखला नाही, पोलीस नाही, समुपदेशकाकडे सहा बैठका सक्तीच्या, पालकांच्या दोन, आणि परत सापडला तर काय ते तेव्हा परत बसून ठरवू. सही करा. एवढंच. मला रडूच आलं तिथे, कारण मी आरडाओरडा ऐकायच्या तयारीने गेले होते आणि समोरच्या बाई चक्क पाणी देत होत्या.

नंतर कळलं की हा नियम नवाच होता. त्याच्या दोन वर्षं आधी एका मुलाला अशाच कारणावरून शाळेने दाखला दिला होता, आणि तो पुढे कुठल्या शाळेत गेला, गेला की नाही, हे आज शाळेत कोणालाच सांगता येत नाही. एक अख्खा मुलगा यादीतून निघून गेला आणि शाळा व्यसनमुक्त झाली म्हणे. त्या घरावर काय आलं असेल ते मी आता जास्त नीट समजू शकते.

आता मुख्य रिव्ह्यू, म्हणजे ती खोली. तळमजल्यावर, ग्राउंडच्या बाजूला, खेळाच्या सामानाच्या खोलीला चिकटून. आधी तिथे तुटके बाक ठेवायचे. आत एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कुलर जो थंडीतसुद्धा चालू असायचा कारण त्याच्या आवाजाने बाहेर बोलणं ऐकू जात नाही (हे मला समुपदेशक मॅडमनी नंतर सांगितलं, मला आधी वाटलं शाळेला वीजबिलाची पडलेली नाही). पाटी नाही. मला वाटलं पाटी लावायची राहिली असेल, तर म्हणे मुद्दाम नाही. पोरं बॉल आणायला, रॅकेट ठेवायला म्हणून त्या बाजूला जातात आणि मध्येच आत शिरतात, कोणाला संशय येत नाही. कोणी बघितलंच तर, काय रे कुठे गेलेलास, बॉल आणायला. अशा खोलीला मी आत पाऊल टाकायच्या आधीच एक स्टार देऊन टाकते. माझ्या नणंदेच्या मुलीच्या शाळेत समुपदेशन कक्ष प्रिन्सिपलच्या केबिनच्या समोर आहे, काचेचा दरवाजा, त्यावर मोठ्या अक्षरात पाटी, आणि बाहेर शिपाईकाका बसलेले. वर्षभरात तिथे कोण गेलं असेल तर फक्त एसी बघायला आलेले इन्स्पेक्शनवाले.

पहिली बैठक आमची, पालकांची. मॅडम तिशीच्या आसपासच्या, एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, बोलणं अगदी घरगुती मराठीत. पहिलंच वाक्य हे: तो इथे माझ्याशी जे बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी म्हटलं म्हणजे? त्या म्हणाल्या, तीन गोष्टी सोडून. त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल, तो दुसऱ्या कोणाला इजा करेल असं वाटलं, किंवा कोणी मोठं माणूस त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतंय असं कळलं, तर मी गप्प बसणार नाही, आणि तिसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्यानेच कळवणं सक्तीचं आहे. बाकी सगळं त्याचं. आणि हेच सगळं मी त्यालाही तुमच्यासमोर सांगणार आहे, म्हणजे त्याला कळेल की तुम्ही ऐकलंय.

मला राग आला. खरं सांगते, फी आम्ही भरतो, पोरगं आमचं, आणि ही बाई मला सांगते की मला कळणार नाही? ह्यांनी तर घरी येताना पूर्ण रस्ताभर तोच विषय. पण आता मागे वळून बघताना मला वाटतं की ह्या सगळ्या सेवेत चालली असेल तर ही एकच गोष्ट चाललीये. बाकीचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. कारण पोरगं पहिल्या दोन बैठकांत काहीच बोललं नाही, तिसऱ्या बैठकीत म्हणे त्याने परीक्षा घेतली, एक छोटी खोटी गोष्ट सांगितली आणि घरी येऊन बघत बसला की आईपर्यंत पोचते का. नाही पोचली. मग चौथ्या बैठकीत खरं सुरू झालं. हे त्याने स्वतः मला अलीकडे हसत हसत सांगितलं, लबाड कुठला.

मग त्याच्या परवानगीने मॅडमनी आम्हाला जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. त्याची तर आधीच उडालेली होती. रात्री दोन-अडीचपर्यंत तो जागाच असायचा, आम्हाला वाटायचं अभ्यास. तोंडी परीक्षा, प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन, नुसतं वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं तरी हात थरथरायचे, छातीत धडधड, घाम, आणि एकदा तर त्याला वाटलं की आपल्याला हार्ट अटॅक येतोय. कोणाला सांगितलं नाही. आठवीच्या सुट्टीत एका मोठ्या मुलाने दोन झुरके मारायला दिले आणि त्याला दहा मिनिटं शांत वाटलं. बस्स, औषध सापडलं.

पुढचा भाग मॅडमनी कागदावर गोल काढून समजावला आणि तो मी सगळ्या आयांना सांगत सुटलेय. निकोटीनने बरं वाटतं ते थोडाच वेळ, मग ते शरीरातून उतरायला लागलं की बेचैनी, चिडचिड, धडधड, लक्ष न लागणं. म्हणजे जी घाबरगुंडी घालवायला तो ओढत होता, तीच घाबरगुंडी आता ओढण्यामुळे दर दोन तासांनी नव्याने येत होती, आणि त्याला वाटत होतं की आपली चिंता वाढतेय म्हणून जास्त ओढायला पाहिजे. आधी चिंता की आधी व्यसन ह्यावर वाद घालत बसायचं नाही, दोन्ही एकदम धरायचं, असं त्यांचं म्हणणं. नुसतं व्यसन सोडवलं तर चिंता दुसरं काहीतरी शोधेल. नुसती चिंता बघितली तर निकोटीन ती परत आणेल. आमच्या घरात मात्र तेव्हा वाद एवढाच चालू होता की हे संगतीने झालं की मोबाइलने.

प्रत्यक्षात केलं काय, तर काहीच भारी नाही. एक छोटी वही. तलफ आली की वेळ, जागा, कोण सोबत होतं आणि त्याआधी काय झालं एवढं चार शब्दांत लिहायचं. दोन आठवड्यांत दिसलं की जास्तीत जास्त वेळा गणिताच्या तासाच्या आधी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये. मग त्या टॉयलेटमध्ये जायचंच नाही, तळमजल्यावरचं वापरायचं. तलफ आली की दहा मिनिटं ढकलायची, कारण ती लाटेसारखी चढते आणि उतरते, आपण समजतो तशी चढतच राहत नाही. त्या दहा मिनिटांत गार पाणी, तोंडात लवंग, आणि श्वास सोडायचा तो घेतलेल्यापेक्षा लांब. लवंगेची आयडिया माझ्या सासूबाईंची, मॅडमनी ती लगेच उचलली, तेव्हापासून सासूबाई त्यांच्या फॅन. रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये, सगळ्यांचे म्हणजे माझाही, हे सगळ्यात अवघड गेलं आणि ते मला गेलं.

पहिले तीन दिवस वाईट असतील असं सांगितलं होतं तसेच गेले. पोरगं भिंतीशीसुद्धा भांडत होतं. तिसऱ्या दिवशी ताट सरकवून उठला, ह्यांचा हात उठणार होता, मी मध्ये पडले, कारण आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होणार, तेव्हा त्याला उर्मट समजू नका, तो सोडतोय म्हणून असं होतंय. हे आधी माहीत असण्याला किती किंमत आहे ते मी सांगू शकत नाही. तीन-चार आठवड्यांत बरंच निवळलं.

शाळेच्या बाजूने आणखी दोन गोष्टी झाल्या ज्या मला फार आवडल्या. वर्गशिक्षिकेला कारण सांगितलं नव्हतं, फक्त एवढंच की ह्याने हिरवं कार्ड बाकावर ठेवलं तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यायचं. असं कार्ड त्या वर्गात अजून दोघांकडे आहे म्हणे, कोणाला मायग्रेन, कोणाला आणखी काही, त्यामुळे ह्याचं वेगळं दिसलं नाही. आणि पीटीच्या सरांनी, ज्यांनी पकडलं त्यांनीच, सामानाच्या खोलीची किल्ली ह्याच्याकडे दिली. रोज शाळा सुटल्यावर बॉल मोजून ठेवायचे. मला वाटलं ही शिक्षा, पण पोरगं खूश होतं. चोवीस फुटबॉल, त्यातले सहा पंक्चर, हे मला रोज रात्री ऐकायला लागायचं.

आता पालकांची दुसरी बैठक, जिचा रिव्ह्यू आमचे हे लिहू देणार नव्हते पण परवा हो म्हणाले. मॅडमनी साधा प्रश्न विचारला, घरात अजून कोणी तंबाखू घेतं का. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी कुलरकडे बघितलं. शर्टाच्या खिशात पुडी आणि चुन्याची डबी, आणि तो उंचवटा त्या तिघांच्या मधोमध! पोरगं हळूच म्हणालं, बाबांचं चालतं, माझं का नाही. मॅडम ओरडल्या नाहीत, लाजही काढली नाही. त्यांनी ह्यांना एवढंच विचारलं की तुम्ही कधी सोडायचा प्रयत्न केलाय का, आणि हे जे बोलायला लागले ते वीस मिनिटं थांबले नाहीत, तीनदा सोडली, चारदा धरली, वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले तरी. ही सगळी कथा मी लग्नाला सतरा वर्षं होऊनही पूर्ण ऐकली नव्हती. पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं. आता दोघांच्या दोन वह्या आहेत. ह्यांची वही मुलाच्या वहीपेक्षा जास्त भरलेली आहे, म्हणजे समजून घ्या.

आपल्या राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, तरी कोपऱ्यावर काय मिळत नाही ते सांगा. शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य काही विकायचं नाही असा २००३ चा कायदा आहे, शाळेने त्यासाठी रस्त्यावर पिवळी रेषासुद्धा मारून घेतलीये. मी एक दिवस पावलं मोजली. टपरी रेषेच्या बरोबर पलीकडे, तिचं छप्पर रेषेच्या अलीकडे. ह्यात मुलांना समुपदेशन देणाऱ्या बाई काय करणार! पण लहान मुलाला कोणी अंमली पदार्थ, दारू, तंबाखू दिली तर बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे शाळेनेच टपरीवाल्याला लेखी कळवलं असतं तर? मी दोनदा म्हटलं. दोनदा बघतो म्हणाले. इथे अर्धा स्टार गेला.

दुसरा अर्धा स्टार गेला तो त्या व्याख्यानाला. जानेवारीत बाहेरून एक वक्ते बोलावले, आठवी ते दहावी सगळ्यांना हॉलमध्ये कोंबलं, मोठ्या पडद्यावर सडलेली फुफ्फुसं, कापलेले जबडे, आणि नशेच्या पदार्थांची यादी, कोणतं कसं दिसतं, त्याला काय म्हणतात, घेतल्यावर कसं वाटतं. पोरं हसत होती. आमचा म्हणाला, आई, मला ज्यांची नावं माहीत नव्हती ती सगळी आज कळली. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कार्यालयाची प्रतिबंधाची मानकं आहेत, त्यात सरळ म्हटलंय की नुसती माहिती देऊन आणि भीती घालून उपयोग होत नाही, उपयोग होतो तो नाही कसं म्हणायचं, ताण कसा हाताळायचा हे छोट्या गटात, करून बघत, बऱ्याच सत्रांत शिकवलं तर. मॅडमना हे माहीत आहे. त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना हॉलमध्ये रांगा लावायची ड्युटी होती.

आणि मुख्य कापाकापी इथे आहे, एकवीसशे पोरं आणि एक बाई. माझ्या मुलाचं प्रकरण पकडला गेल्यामुळे सक्तीचं, म्हणून त्याला लगेच नंबर लागला. माझ्या मैत्रिणीची मुलगी सातवीत आहे, ती रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवते, तिने स्वतःहून भेट मागितली तर एकोणीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. म्हणजे जो टॉयलेटमध्ये सापडतो त्याला आधी आणि जी शहाण्यासारखी मदत मागते तिला नंतर? त्यात मॅडमना कोणी शिक्षक रजेवर असले की त्यांच्या तासाला पाठवतात, परीक्षेत सुपरव्हिजन, गॅदरिंगला सूत्रसंचालन. एकदा आमची ठरलेली बैठक रद्द झाली कारण त्या स्नेहसंमेलनाच्या ड्रेसची मापं घेत होत्या. एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, टेप हातात.

सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये एका प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. आमच्या शाळेने लगेच छाती फुगवली की आम्ही तर आधीच पाळतोय. अहो, किमान एक म्हणजे शंभरालाही एक आणि एकवीसशेलाही एकच असं थोडीच आहे.

पुढे एक गोष्ट मॅडमनी फार प्रामाणिकपणे केली, त्याचे मार्क वेगळे. सहाव्या बैठकीनंतर म्हणाल्या, व्हेपचं मी बघू शकते, पण त्याची घाबरण्याची तक्रार माझ्या आवाक्याबाहेर जातेय, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. सोबत बंद पाकिटात एक चिठ्ठी. पर्याय तीन सांगितले, खासगी डॉक्टर, सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग जिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून फुकटात बघतात, आणि सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक. मैत्री क्लिनिकचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तुम्हीपण बहुतेक आत्ताच ऐकत असाल. आम्ही खासगीत गेलो, एका बैठकीचे बाराशे. डॉक्टर म्हणाले ही चिंतेचीच केस आहे, विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी करू, गोळ्यांची आत्ता गरज वाटत नाही, वाटली तर सांगेन. निकोटीनचं चुइंगम मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही हेही सांगितलं, कारण हे तेच करायला निघाले होते.

डॉक्टरांकडे बसलेलो असताना बाहेर एक बाई त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या, पंक्चरचं सोल्युशन रुमालात घेऊन हुंगायचा. माझ्या डोक्यात होतं की हे फक्त स्टेशनवरची पोरं करतात. सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल आहे, त्यात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के निघालंय, आणि मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त असा हा एकच प्रकार. व्हाइटनर, थिनर, सोल्युशन. सगळं साध्या दुकानांत मिळणारं. त्या बाईंच्या मुलाच्या शाळेत समुपदेशक नव्हते, हेडसरांनी सांगितलं होतं महिनाभर घरी ठेवा. घरी कोणी नसतं, दोघं कंपनीत. मी त्यांना माझ्या मोबाइलवरून दोन नंबर लिहून दिले, १४४१६, हे टेली मानस, चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलतात, आणि १४४४६, हे व्यसनमुक्तीसाठीचं. मे महिन्याच्या सुट्टीत मॅडम नव्हत्या तेव्हा आमच्या मुलाने एकदा रात्री पावणेबाराला १४४१६ लावला होता. पलीकडे कोण होतं, काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलं नाही. (मी सुधारलेय, बघा.)

हो, आणि घसरलाही. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांच्यात परत ओढलं, दोनदा. सुट्टीनंतर त्याने जाऊन आपण होऊन मॅडमना सांगितलं. मला कळलं थेट जानेवारीत, त्यानेच सांगितलं म्हणून. तेव्हा मी मॅडमकडे जाऊन भांडले की तुम्हाला दोन महिने माहीत होतं! त्या म्हणाल्या, हो. मी म्हटलं मग? त्या म्हणाल्या, ताई, तो मला सांगायला आला, ह्याचा अर्थ तो लपून ओढत राहिला नाही. ह्याला स्लिप म्हणतात, त्यानंतर तो परत वहीवर आला. तुम्हाला सांगितलं असतं तर पुढच्या वेळी त्याने मलाही सांगितलं नसतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र होता, अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

शेवटचं वापरलं त्याला आज सहा महिने आणि काही दिवस. त्याच्या वहीप्रमाणे. मी मोजत नाही असं दाखवते.

तर स्टार: खोलीचा एक, मॅडमचे दोन (तीन दिले असते पण तीन दिले तर शाळेला वाटेल त्यांचं श्रेय आहे), दाखला न देण्याच्या नियमाचा अर्धा. झाले साडेतीन. टपरी अर्धा, व्याख्यान अर्धा, एकोणीस दिवसांची रांग अर्धा, हे गेले. ज्यांच्या शाळेत पालक-शिक्षक सभा येत्या महिन्यात आहे त्यांनी एवढं विचारा: समुपदेशक किती मुलांमागे एक, त्यांना तास आणि ड्युट्या लावता का, आणि व्हेप सापडलं तर पहिल्यांदा काय करता. तिसऱ्या प्रश्नाला समोरचे जर जोरात म्हणाले की आमच्या शाळेत असलं काही नाहीच, तर खुर्ची जरा पुढे ओढा आणि परत विचारा.

एडिट: हे लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं होतं, तेवढ्यात नवीन खबर. जूनपासून समुपदेशन कक्ष पहिल्या मजल्यावर हलवलाय, ऑफिसशेजारी, मस्त फर्निचर, एसी, दारावर पितळी पाटी, उद्घाटनाला फीत कापली, फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. खालच्या खोलीत आता नवीन बाक आलेत. मुलाला फोटो दाखवला. त्याने झूम करून पाटी बघितली, फोन परत दिला आणि म्हणाला, बॉल तर अजून खालीच आहेत. तीन स्टार.